तळ्याकाठी काढलेले जोर

मांडीवर पडलेल्या थापेचा आवाज किती लांब जातो, हे कोल्हापुरात कळत नाही. तिथं तालमीच्या भिंती तो पोटात घेतात. लडाखातल्या त्या उंच, उजाड तळ्याकाठी ह्यांनी शड्डू ठोकला, तेव्हा तो आवाज पाण्यावरून सरकत गेला, पलीकडच्या पिवळ्या डोंगराला लागला आणि सावकाश परत आला. हे एवढे खूश झाले, जणू डोंगरानंच कुस्ती घेतली. मी तंबूपुढं पोहे परतत होते. कपाळाची शीर उडत होती. उंचीनं की ह्यांच्यामुळं, कोण जाणे.

हे म्हणजे माझे मालक, तालमीचे वस्ताद. साठी आली, कान कुस्तीत कधीच मोडलेत, पण चालणं असं, की वाटेनंच बाजूला व्हावं. ह्यांना ऋतू एकच ठाऊक, भर चैत्राचा. उतरत्या वयाची सावली अंगावर आलेली सोसत नाही. तालमीची बारा पोरं घेऊन सहलीला निघाले आणि दुसऱ्याच्या हातचं रुचत नाही म्हणून मलाही ओढून आणलं. पाणी इतकं निळं, की वरचं आभाळ धुऊन विटल्यासारखं दिसावं. झाड नाही, पाखरू नाही. हवासुद्धा पाणी घातलेल्या ताकासारखी पातळ.

आदल्या दिवशीच गाडीवाल्यानं बजावलं होतं, इथं श्वास कमी पडतो, दोन दिवस नुसतं बसून राहा.

"बसायला एवढ्या लांब आलोय व्हय?" हे म्हणाले. सकाळचे जोर चुकवायचे नाहीत, हा तालमीचा नेम. उघड्या अंगानं सुरू झाले, पोरं मोजायला लागली. चाळीस जोरांनंतर पोरांचा आवाज बारीक झाला. पन्नासला हे हातांवर तसेच थांबले आणि मग खालीच बसले. ओठ जांभळे, छातीत फुटक्या भात्यासारखी घरघर.

"वस्ताद, खाली जाऊया की," एक पोरगा म्हणाला.

"गप रं. दम खातोय नुसता."

आत्ता उतरलं नाही तर जिवावर बेतेल, असं गाडीवाला म्हणाला. हे हलेनात. पोरांदेखत हरायचं कसं? पोरं माझ्याकडं बघायला लागली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, चारचौघांत ह्यांच्यापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण राग असा आला, की लाजायला जागाच उरली नाही.

"उठा. गाडीत बसा. न्हाईतर मीबी हितंच बसते, काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे."

"अगं, पोरं बघत्यात..."

"बघू देत की! वस्तादाला बायको हाय, कळू दे त्यास्नी."

हे उठले. गाडी उतरत गेली, तसा वळणावळणाला ओठांचा रंग फिरत गेला, भिंतीवर हळूहळू ऊन चढावं तसा. ह्यांचा हात माझ्या हातात होता. एवढा जड हात, पण त्यात वजनच नव्हतं. अर्ध्या वाटेत म्हणाले, "पोहे ऱ्हायले की गं." मी पदर तोंडाला लावून रडले.

आता हे गल्लीत सांगतात, "हिचं डोकं दुखाय लागलं म्हणून उतरावं लागलं, न्हाईतर शंभर मारलं असतं." बायका माझ्याकडं कीव करून बघतात. मी आत जाऊन भांडी आपटते. खरं काय ते ह्या वहीत लिहिलंय, वाचणार कोणी नाही. कधीतरी आम्हा दोघांतलं एकच मागं राहील आणि त्या तळ्याची एकच गोष्ट उरेल. ती खोटी उरली तरी माझी हरकत नाही. सांगायला तेवढे हे असावेत.