चाखलेलं धरायचं नाही

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, सर्जनच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आणि माझा धाकटा भाऊ बसलो होतो. आत आमची ताई होती. त्या खोलीचं दार नीट लागत नसे, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू येई.

"चपला काढा आणि काट्यावर उभ्या राहा," नर्स म्हणाली.

दांडीवरचं वजन सरकल्याचा आवाज आला.

"मागच्यापेक्षा जेमतेम कमी," सर्जन म्हणाले. "रक्तदाब आहे तिथंच. बाई, तुम्ही खाता तरी काय?"

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा, रात्री पेलाभर दूध. बास."

"त्या खुर्चीवर बसा. आता हात न टेकता उठा."

खुर्ची करकरली. जरा वेळानं पुन्हा करकरली.

"हात न टेकता म्हटलं मी."

"उठतेय ना! थांबा की जरा."

ती उठली नाही. सर्जननी नर्सला बाहेर पाठवलं आणि आवाज उतरवला. पण दार ते दारच.

"हे बघा, अवयव द्यायचा म्हटलं की माणूस घाबरतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुष्कळ जण तोंडानं हो म्हणतात आणि घरी गुपचूप खात राहतात. तुमच्या मनात नसेल तर मला सांगा. मी बाहेर सांगेन की जुळत नाही. कोणाला काही कळणार नाही."

मी धाकट्याकडे बघितलं नाही. तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. घड्याळं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. "मागं आहे ते," एवढंच म्हणाला.

ताई बाहेर आली ती लालबुंद होऊन. "चला," म्हणाली, आणि आमच्यासाठी न थांबता जिना उतरू लागली. कठडा मात्र घट्ट धरून.

धाकट्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून दोनदा त्याला रक्त साफ करणाऱ्या यंत्राला लावत. तिथून घरी आला की पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा पडून राही. आईवडील केव्हाच गेलेले. आम्ही तिघं भावंडं, तिघंही बिनलग्नाची, एकाच घरात. माझं रक्त जुळलं नाही, ताईचं जुळलं. पण सर्जननी अट घातली. एवढ्या वजनावर आणि एवढ्या रक्तदाबावर मी हिच्यावर सुरी चालवणार नाही, एकाला वाचवताना दुसऱ्याला गमवायचं नाही मला. अट रास्त होती. धाकटा मात्र महिन्या-महिन्याला खंगत चालला होता.

ताई सायकलींच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. दोन पाळ्यांचं जेवण तिच्या हातचं. तिला सगळे 'बाई' म्हणत आणि वचकून असत. अंगानं भरभक्कम, दारातून आली की दार भरून जाई. सर्जननी वजन उतरवायला सांगितल्यापासून तिनं घरी ताट वाढून घेणंच सोडलं होतं. आम्ही जेवायला बसलो की ती पाठ करून भांडी घासत राही. हे मी डोळ्यांनी बघत होते. म्हणून तर काही उमगत नव्हतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, एक बोलू? रागावणार नसशील तर."

"मग बोलूच नकोस."

"तुला नसेल द्यायचं तर नको देऊस. मला खरंच काही वाटणार नाही."

ताईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "लहानपणी माझ्या ताटातलं न विचारता उचलायचास. तेव्हा कुठं होती ही रीतभात?"

"तसं नाही गं..."

"गप बस आणि झोपायला जा. ते सर्जन मोठे हुशार असतील, पण त्यांना मी चोर वाटले. तुलाही वाटले, हे बरं झालं कळलं."

ती त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. धाकटा मला हळूच म्हणाला, "माई, मी मेलो तरी ही अबोला सोडायची नाही बघ." मी त्याला चापट मारली, आणि आम्ही दोघं हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

इस्पितळानं ताईला व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. शिडशिडीत, तुरुतुरु चालणाऱ्या, ताईपेक्षा वयानं बऱ्याच लहान. त्यांनी ताईचे दंड दाबून बघितले, मांड्या दाबून बघितल्या.

"उपाशी राहून तुम्ही चरबी नाही घालवली, बाई. मांस घालवलंत. सर्जनना नुसती हलकी बाई नको आहे, घट्ट बाई हवी आहे. कामावर जड काय काय उचलता?"

"पूर्वी पातेली उचलायचे. आता पोरं उचलतात. मुख्य झाल्यावर कोण उचलतं?"

"मी येते एक दिवस बघायला."

त्या खरंच आल्या. माझी टेलिफोनच्या ऑफिसात दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी मीच त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेले. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. चुलींवर भली मोठी पातेली चढलेली. रस्सा, वाटाणे, सूप, भात. ताई एका पातेल्याकडून दुसऱ्याकडे जायची, पळीभर काढायची, फुंकर मारून तोंडात टाकायची. "मीठ." लांब्या मीठ घालायचा. लांब्या म्हणजे तिच्या हाताखालचा स्वयंपाकी, बांबूसारखा उंच. ताई पुन्हा पळीभर घ्यायची. "अजून जरा." पुन्हा पळी. पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात. तिखट लागलं की वर भाताचा घास. मग सूप.

व्यायामाच्या बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठल्या, एक स्वच्छ भांडं घेतलं, आणि ताई जेवढं तोंडात टाकी तेवढं त्या भांड्यात काढू लागल्या. ताईला वाटलं, बाईंना भूक लागली असेल. "लांब्या, पाहुण्यांना ताट दे रे," ती म्हणाली.

दुपारची घंटा होईपर्यंत भांडं काठोकाठ भरलं होतं. वर तेलाचा बोटभर तवंग.

"हे कोण जेवलं?" व्यायामाच्या बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. तुम्हीच काढलंत ना?"

"हे तुम्ही जेवलात, बाई. सकाळपासून."

ताईनं भांड्यात बघितलं. मग बाईंकडे बघितलं. "छे! मी चाखलं. खाल्लं नाही."

"पोटात गेलं ना?"

"अहो, चाखलेलं धरायचं नाही. स्वयंपाक्याचं ते कामच आहे. हे जेवण म्हटलं तर..." ती मध्येच थांबली. लांब्या तोंड फिरवून हसत होता. "तुला काय दात काढायला झालं? वाटाणे लागतील खाली."

पण मला तिचा चेहरा दिसत होता. तिशीच्या आधीपासून ती चुलीपाशी उभी होती आणि या पळ्या तिनं कधी जेवणात धरल्याच नव्हत्या. ती सर्जनशी खोटं बोलली नव्हती. ताट सोडून ती फक्त मीठ, तेल आणि रश्श्यावर जगत होती. वजन अडलं होतं, रक्तदाब अडला होता, आणि अंगातली ताकद तेवढी गेली होती.

"आजपासून तीनदा ताट वाढून घ्यायचं," व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "उकडलेले वाटाणे, अंडी, दूध, भाज्या. पोटभर. मीठ अगदी बेतानं, तेल थेंबभर. रोज व्यायाम. आणि पळी तोंडाला लावायची नाही."

"मग चव कोण बघणार?"

बाईंनी लांब्याकडे मान केली.

"हा?" ताई म्हणाली. "याची जीभ म्हणजे पायताण आहे."

"बाई, मी इथंच उभा आहे," लांब्या म्हणाला.

"म्हणून तर बोलतेय."

पण दुसऱ्या दिवशी तिनं पळी त्याच्या हातात दिली. पहिले काही दिवस कँटीनमध्ये नुसता गोंधळ.

"मीठ बघितलंस?"

"बघितलं."

"कसं आहे?"

"बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे काय? परत बघ."

"बाई, तुमच्यामुळे आता माझं वजन वाढणार."

घरी आमचा पुढचा हॉल म्हणजे व्यायामशाळा झाली. ताई खुर्चीवर बसायची आणि उठायची. आधी दोन्ही हात टेकून, मग एक, मग नुसती बोटं. पिठाचे डबे दोन्ही हातांत धरून जिना चढायची. धाकटा पलंगावर पडल्या पडल्या मोजायचा आणि मुद्दाम चुकायचा. "तू परत मागं गेलास," ती धापा टाकत म्हणायची. "शाळेतही असाच नापास झालास."

कामावर तिनं पोरांना बाजूला सारलं आणि पातेली स्वतः उतरवू लागली. व्यायामाच्या बाईंनी शिकवलं तसं गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून. मधे बरेच दिवस काटा हललाच नाही. ती रडकुंडीला आली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "काटा राहू द्या. एप्रनच्या बंदांचं काय?" बंद पूर्वी मागं जेमतेम गाठीला पुरायचे. आता वळसा घालून ती ते पुढं बांधत होती. चरबी जात होती आणि तिच्या जागी मांस भरत होतं, काट्याला त्यातला फरक कळत नव्हता. पुढं काटाही उतरू लागला, आणि मग रक्तदाबही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. धाकट्याला आता जिना चढवत नव्हता, दोघांनी धरून आणावं लागे. सर्जननी पुन्हा ताईला खुर्चीवर बसवलं. ती हात छातीवर बांधून उठली. बसली आणि पुन्हा उठली.

"पुरे, पुरे," सर्जन म्हणाले.

"नाही, नीट बघा," ती म्हणाली आणि आणखी एकदा उठली. मग म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही मला काय विचारलंत, लक्षात आहे?"

"आहे," सर्जन म्हणाले. "मला माफ करा."

"तारीख द्या," ताई म्हणाली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्स आधार द्यायला गेली तर ताई स्वतःच पलंगाच्या कडेला उठून बसलेली. धाकट्याच्या पिशवीत लघवी उतरली तेव्हा नर्सनं ती मला काचेतून उंच धरून दाखवली. आयुष्यात कुठल्या गोष्टीचा एवढा आनंद झाला, असं विचारलं तर मला त्याच पिशवीचं नाव घ्यावं लागेल.

ताई काही महिन्यांनी कामावर परतली. लांब्यानं एप्रन आणून दिला, पळी आणून दिली. तिनं रस्सा चाखला, थोडासाच, आणि तोंड वाकडं केलं. "किती खारट केलायस रे!"

मग ती पूर्वीसारखा स्वतःच्या चवीनं स्वयंपाक करू लागली. ताटं परत येऊ लागली ती अर्धी भरलेली. टेबलावरच्या मिठाच्या बाटल्या रोज रिकाम्या. कामगार तिला तोंडावर काही बोलत नसत, पण एकदा कोणीतरी म्हणालाच, "बाईंनी किडनीबरोबर मीठही देऊन टाकलं वाटतं." त्यानंतर थोड्या दिवसांनी सगळं सुरळीत झालं. ताटं चाटूनपुसून येऊ लागली. ताई खूश होती.

एक दिवस ती कोठारातून जरा लवकर बाहेर आली. लांब्या एका पातेल्यावरून दुसऱ्यावर झुकत मुठीनं मीठ टाकत होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

लांब्याची मूठ तशीच राहिली. "जाऊ द्या ना, बाई."

"कधीपासून म्हटलं मी."

"ताटं परत यायची थांबली तेव्हापासून."

तिनं त्याच्यासमोर पळीभर रस्सा घेतला. तिच्या जिभेला तो समुद्राच्या पाण्यासारखा लागला. बाहेर माणसं तोच मिटक्या मारत खात होती. एवढे महिने बेतानं मीठ खाऊन तिची जीभ बदलली होती आणि ती आता मागं फिरणार नव्हती. हे तिनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "माझ्या जिभेला बरोबर लागतं ते त्यांना अळणी. म्हणजे संपलंच की."

तिनं साहेबांना सांगून लांब्याला मुख्य केलं आणि स्वतः कोठार मागून घेतलं. धान्य, भाज्या, किल्ल्या. पोती मात्र ती स्वतः हलवायची. पोरांना हात लावू द्यायची नाही.

लांब्यानं तिथंच नोकरी पुरी केली. शेवटी शेवटी चांगला गोल झाला होता, आणि दोष ताईला द्यायचा. व्यायामाच्या बाई परदेशी गेल्या. तिथून काही वर्षं एक कार्ड येई, मग यायचं थांबलं. सर्जन निवृत्त होऊन गेले.

धाकटा अकरा वर्षं चांगला जगला. त्यालाही जन्मभर मीठ बेतानंच खायचं होतं. दुकान सांभाळून तो दुपारी घरी जेवायला यायचा आणि ताईच्या हातचं पातेलं खरवडून संपवायचा. "माई, हिच्यासारखं कोणाला येत नाही," म्हणायचा, आणि ते थट्टेनं नसायचं. मग ते मूत्रपिंडही थकलं. ताई त्याला एकटीनं उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवायची. तो गेला तो तिथंच बसल्या बसल्या, एका दुपारी, जेवण झाल्यावर.

त्यानंतर आम्ही दोघीच राहिलो, बरीच वर्षं. ताई ऐंशी उलटल्यावर गेली. शेवटपर्यंत खुर्चीतून हात न टेकता उठायची आणि स्वयंपाकही तीच करायची. धाकटा होता तोवर मीही अळणी खात असे आणि बोलत नसे. तो गेल्यावर काही दिवसांनी आम्ही समोरासमोर जेवायला बसलो होतो. तिनं मिठाची वाटी आणून माझ्या ताटाशी ठेवली.

"वरून घेत जा तुला हवं तेवढं," ती म्हणाली. "मला आता त्यातलं कळत नाही."

कांदे संपलेत म्हणून सांगावं, तशा आवाजात म्हणाली, आणि जेवू लागली.