नळीचं दुसरं टोक

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. लिहिणाऱ्याची शाळा आठवीतच सुटली, त्यामुळं भारी शब्द हाताशी नाहीत. जे घडलं ते साध्या शब्दांत सांगतो.

उंब्रजचा अर्जुना फरशी बसवायचं काम करायचा, आणि त्याचा हात चोख म्हणून लोक हळूहळू त्याला विकत घ्यायचं घर तपासायलाही नेऊ लागले होते. त्या दिवशी मात्र घर त्याच्या सख्ख्या बहिणीसाठी बघायचं होतं. राजनंदिनी, त्याची अक्का, सांगलीत नदीकाठी भाड्याच्या घरात राहायची. पुराच्या साली तिथं रात्रीतून पाणी शिरलं. माणसं वाचली, पण अक्काची झोप गेली ती गेलीच. निजायच्या आधी ती चप्पल उचलून खिडकीत ठेवायची, आणि मग कितीतरी वेळ कॉटवरून हात खाली सोडून फरशी कोरडी आहे ना, हे चाचपत पडायची. तिचा नवरा आकाराम हळदीच्या बाजारात कामाला होता. नदीपासून लांब, माळावरच्या वसाहतीत त्यानं घर बघितलं होतं, पण अक्का एकच म्हणायची, "अर्जुना व्हय म्हणला तरच मी तितं जाईन." मालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं होतं.

घर रिकामं होतं आणि दुपारचं ऊन पडदे नसलेल्या खिडक्यांतून आत येऊन फरशीवर निवांत पसरलं होतं. अर्जुना नेहमीच्या पद्धतीनं एकेक बघत निघाला. रुपयाच्या नाण्यानं फरश्या वाजवल्या, कुठं पोकळ आवाज आला नाही. भिंतीच्या कोपऱ्यांना तळहात लावला, ओल नव्हती. दारं लावून उघडली, बटणं दाबली, नळ सोडले, गच्चीवर जाऊन पावसाचं पाणी कुठून उतरतं ते बघितलं. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतलं, ते आज्ञाधारक पोरासारखं जाळीकडं गेलं. आकाराम खिडकीशी उभा होता, अक्का अनवाणी अर्जुनाच्या मागून फिरत होती. आल्या आल्या तिनं चप्पल इथल्याही खिडकीत ठेवली होती.

"आता लेवल तेवढी बघू," म्हणत अर्जुनानं पिशवीतून नळी काढली. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. दोन माणसांनी दोन भिंतींशी दोन टोकं उभी धरायची, दोन्हीकडं पाणी जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची रेघ मारायची आणि रेघेपासून खाली फरशीपर्यंत मापायचं. पाणी कुणाची भीड ठेवत नाही, असं त्याला शिकवणारे मिस्त्री म्हणायचे.

एक टोक त्यानं अक्काच्या हातात दिलं. पाणी हललं, डुललं आणि थांबलं. दोन्हीकडं रेघा मारून त्यानं मापलं. अक्काच्या बाजूची रेघ चार बोटं वर होती.

रेघ वर म्हणजे तिथली फरशी खाली. पण फरशी खरंच चार बोटं खाली असती, तर चालताना पाय अडखळला असता. नळीत हवेचा बुडबुडा असेल म्हणून त्यानं ती झटकली, उन्हात धरून बघितली. बुडबुडा नव्हता.

"दाजी, तुमी धरा जरा."

"धरतो की. पण बिगारी लावलास तर च्या पाजावा लागंल, गड्या," आकाराम म्हणाला आणि बायकोच्या जागी जाऊन उभा राहिला.

पाणी दोन्हीकडं सारखं थांबलं.

"झालं का?"

"व्हय. अक्का, तू धर पुन्यांदा."

तिनं धरलं. या खेपेला पाणी डुललं नाही. माणूस ओळखीच्या घरात शिरतो तसं ते सरळ तिच्या बाजूला चढत गेलं आणि वीतभर वर जाऊन उभं राहिलं. आकाराम खिडकीतून शेजारचा आंबा बघत होता. अक्का नळीकडं बघत नव्हती, अर्जुनाच्या तोंडाकडं बघत होती.

"माझ्याकडं वर हाय न्हवं?" तिनं हळूच विचारलं, जणू तिला हे कधीचंच ठाऊक होतं.

अर्जुनानं आजवर मापाबाबत कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. तो तिच्याजवळ गेला, तिच्या हातातून ते टोक काढून स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाला, "न्हाई अक्का. सारखं हाय. घर चांगलं हाय."

"खरं?"

"माझी आन."

ती कितीतरी दिवसांनी हसली. काम झालं की नळीतलं पाणी तिथंच मोरीत सोडायची त्याची रीत होती. पण त्या घरात ते ओतायला त्याचा हात धजेना. नळीची दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधून त्यानं पिशवीत ठेवली. उंब्रजपर्यंत एसटीत पिशवी मांडीवर होती, आणि मांडीला सारखा गारवा लागत होता, जसा विहिरीच्या काठावर बसल्यावर लागतो.

सकाळी आकारामचा फोन आला. "मालकाला व्हय म्हणून कळवलं. आणि ऐक की रं, तुझी अक्का रातभर झोपली. कूस सुदीक बदलली न्हाई. चप्पल दारातच ऱ्हायली हुती."

"लय चांगलं झालं, दाजी," अर्जुना म्हणाला.

फोन ठेवून त्यानं नळी बाहेर काढली. आई अंगणात झाडत होती, खराट्याचा आवाज एका लयीत येत होता. त्यानं नळीचं एक टोक समोरच्या भिंतीवरच्या खुंटीला बांधलं, दुसरं स्वतःच्या हातात धरलं, दोरे सोडले आणि पाणी थांबायची वाट बघितली. ते सरळ त्याच्या बाजूला चढत आलं आणि वीतभर वर, त्याच्या बोटांपाशी येऊन थांबलं. मग नळी गुंडाळून ठेवली, उंबऱ्याजवळची आपली चप्पल उचलली आणि नीट जोडून खिडकीत ठेवली.