खाणीतली चिलापी

आमच्या गावाचं डोकं कधी चालेल, ते देवालाच ठाऊक. गावावरच्या कातळी सड्यावरची चिऱ्यांची खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, कुणीतरी त्यात मासे सोडले. पुढे कुठल्याशा कारखान्याचे टँकर येऊन तिथेच घाण ओतू लागले. पाण्यावर तेलाचा तवंग, तरी मासे फोफावलेले. गावाने ठरवून टाकलं, ही काळुंदर. खाडीतला मासा सडा चढून आला कसा, असं एकानेही विचारलं नाही. उन्हाळ्यात गावकी मिळून जाळं टाकायची आणि घरटी वाटा पडायचा.

मी रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. यंदा घरी आले तर काशीकाकी नातवाला काटे काढून तेच मासे भरवत होती. कालवणाला रॉकेलचा वास येत होता. मी पोराला उचलून बाजूला केलं आणि कापायचे राहिलेले मासे पडवीत घेऊन बसले.

अंगावर मोत्यासारखे ठिपके नाहीत, पराच्या मुळाशी काळा डाग नाही. ही काळुंदर नव्हेच, ही चिलापी, कसल्याही पाण्यात जगणारी. पोट चिरलं. आतडं लांबच लांब, आणि त्यात टोकापर्यंत तळाचा काळा, तेलकट गाळ. काकीने वास घेतला आणि पातेलं उकिरड्यावर ओतलं.

संध्याकाळी देवळात गावकी जमली. मासे जगतात म्हणजे पाणी चांगलं, हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. मासा काय खाऊन जगतो ते मी केळीच्या पानावर आतडं उलगडून दाखवलं. महिपतकाका, माझे सख्खे चुलते आणि गावचे मानकरी, पानावर वाकले. मग म्हणाले, पोर खरं बोलते, उद्यापासून एकाही घरात हा मासा शिजायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रडूच आलं. शिकल्याचं सार्थक झालं, असं वाटलं.

काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आमच्या लेकीनं डोले उघडलान. आता जी काय इडापिडा आसंल ती गावाच्या शिवंपल्याड ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं, लहानपणापासून म्हणत आले तसं, अगदी मनापासून.

सकाळी खाणीवर जाळी पडली होती. टेम्पोत बर्फ आणि चिलापीच्या पाट्या चढत होत्या. कुठे चालली, म्हणून विचारलं, तर पालीच्या बाजारात. मी काकांवर ओरडले. तिथे पोरं नाहीत का, त्यांना पोटं नाहीत का, असं काय काय बोलले.

काका चिडले नाहीत. दोर आवळत म्हणाले, "काल देवासमोर आमी काय मागितलाव? तू व्हय बोल्लीस ना?"

टेम्पो शिवेवरच्या वळणाला गेला आणि दिसेनासा झाला.