वरताळ्याचा पिवळा क्रेट

मित्रांनो, आधी माझ्या रंगाचं बोलून घेऊ. मी पिवळा आहे. ऊन खाऊन खाऊन आता साबुदाण्याच्या पापडासारखा दिसतो ती गोष्ट वेगळी, पण जन्माने पिवळाच. आंबे भरायचा प्लास्टिकचा क्रेट मी. रत्नागिरीत मला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. लोक माझ्यात आंबे भरतात, मला उपडा घालून माझ्यावर बसतात, लग्नघरी माझ्यात सरबताच्या बाटल्या ठेवतात. एकदा एका कोंबडीने माझ्यात अंडीही उबवली. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही आणि माझा अर्धा हंगाम तिच्या सेवेत गेला. पण ते जाऊ दे.

माझा जन्म एका साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक ओतलं, दाबलं आणि मी गरमागरम बाहेर पडलो. मला विकत घेतलं आत्मारामदादाने. त्याचा धंदा क्रेट भाड्याने देण्याचा. आम्ही परत आलो की तो आम्हाला धुतो, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर बोटाने टकटक करून आवाज ऐकतो आणि मगच पुन्हा बाहेर पाठवतो. माझा आवाज पूर्वी असा खणखणीत यायचा की दादा म्हणायचा, "हा गडी लांब पल्ल्याचा आहे." मी तेव्हा फार फुगायचो.

माझा रस्ता ठरलेला होता. आत्मारामदादाकडून निघायचं ते गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत, दमयंतीकाकूंच्या दारी. काकूंचे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. काकूंनी वाडीतल्या लहान लहान बागायतदारांना एकत्र करून एक कंपनी काढली होती. पूर्वी प्रत्येकजण आपापला आंबा व्यापाऱ्याच्या हवाली करायचा. काकू घरोघर फिरल्या आणि म्हणाल्या, "एकेकटे गेलो तर आपल्याला कोण विचारतो? सगळे मिळून कॅनिंगच्या कारखान्याला घालू." कुणी मान डोलावली, कुणी नाक मुरडलं, पण शेवटी सगळे आले.

तर काकू आम्हाला भरून रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला लावून ठेवायच्या आणि आपल्या कामाला जायच्या. मग भिकाजी यायचा. याचे टेम्पो. तो आम्हाला एकावर एक रचायचा आणि आरे-वारेच्या वळणांवरून एमआयडीसीतल्या कारखान्यात पोचवायचा. तिथे माल उतरवून घ्यायला श्रद्धा. ती शिकलेली, हुशार, बोलायला गोड आणि कामाला कडक. ती आंबे वजन करून घ्यायची आणि हिरवा माल पिकवणीच्या खोलीत ठेवायची. चार दारं, चार मालक, आणि चारही दारी जाणारा मी एकटा. हे लक्षात ठेवा हं मित्रांनो, सगळी गंमत त्यातच आहे.

गेल्या हंगामात गंमत संपली. पिकवणीची खोली उघडली की काकूंच्या आंब्यांचा वरचा थर काळा पडलेला दिसायचा. खालचे सोन्यासारखे, वरचे नासलेले. जवळजवळ प्रत्येक क्रेटमध्ये तेच. श्रद्धाने दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा फोन केला. मी तेव्हा काकूंच्या अंगणातच होतो.

"काकू, वाईट वाटतं सांगताना. पण पुढच्या खेपेलाही असंच निघालं तर साहेब लहान बागांचा माल बंद करणार आहेत."

काकू फोन ठेवून पायरीवर बसल्या. वाडीला पुन्हा एकेकट्याने व्यापाऱ्याच्या दारात उभं राहावं लागणार, आणि तेही काकूंच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. मला फार वाईट वाटलं. क्रेटला वाईट वाटतं का असं विचारू नका. वाटतं.

मग एक बैठक झाली, कारखान्यात. मला टेबलावर नमुना म्हणून ठेवलं होतं. काय ऐकलं मी तिथे, विचारू नका. काकू म्हणाल्या, "आमच्याकडून आंबा निवडून जातो, एक डागी सापडला तर दाखव मला." भिकाजी म्हणाला, "माझी गाडी वळणाला पाळण्यासारखी येते हो, मला नाय बोल लावायचा." श्रद्धा म्हणाली, "आमच्या खोलीचं तापमान मी स्वतः बघते." आत्मारामदादा म्हणाला, "माझे क्रेट धुतलेले असतात, वाटलं तर त्यात जेवा." चौघंही खरंच बोलत होती. आपल्या दारात प्रत्येकाचं काम चोख होतं. बिघडत होतं ते दोन दारांच्या मधे, आणि तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला तोंड असतं तर मी टेबलावरून ओरडलो असतो.

श्रद्धाने फळ्यावर चार चौकोन काढले, मधे बाण काढले आणि थांबली. मग तिने एका बाणावर खडू टेकवला.

"चौकोनांत काय होतं ते आपल्याला पाठ आहे," ती म्हणाली. "बाणांवर काय होतं ते कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. काकूंनी टेम्पो भरताना पाहिलेला नव्हता. भिकाजी पिकवणीच्या खोलीत कधी गेला नव्हता. श्रद्धाला ती वाडी फोनवरच ठाऊक. ठरलं की पुढच्या खेपेला चौघांनी क्रेटबरोबर जायचं, पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत.

त्या सकाळी वाडीत काय थाट होता. काकूंनी सगळ्यांना आधी चहा पाजला, मग आम्हाला भरायला घेतलं. आंबा कसा ठेवतात बघावं तर काकूंकडून. देठ खाली, गालाला गाल. काठापर्यंत भरून झालं आणि काकूंनी वर आणखी आंबे रचले, छान शीग लावून. आमच्याकडे हा रिवाजच आहे मित्रांनो. मोजून दिल्यावर वर चार आंबे घालायचे, त्याला वरताळा म्हणतात. सपाट भरून देणाऱ्याचा हात आखडता, असं लोक बोलतात. काकू तर मनाने मोकळ्या, त्यांचा वरताळा चार आंब्यांवर थोडाच थांबणार.

मग भिकाजी पुढे झाला. त्याने मला टेम्पोत ठेवलं आणि माझ्यावर माझ्या भावाला चढवलं. भाऊ नीट बसेना, वरताळ्यावर डुगडुगायला लागला. भिकाजीने रोजच्यासारखा त्याच्यावर गुडघा टेकवला, जोर दिला आणि म्हणाला, "बस रे बाबा."

भाऊ बसला. माझ्या कोपऱ्यात कट्कन झालं.

आपला चहा आता कुठे हातात घेतलेल्या काकू कपबशीसकट पुढे आल्या. "भिकाजी, मेल्या, तू रोज असं करतोस?"

"मग काय करू, वैनी? यंदा माल वाढला, थर वाढले. वरून जाळी बांधायला नको? वळणावर पडले तर पुन्हा मीच वाईट."

"मग मला सांगायचंस ना, कमी भर म्हणून."

भिकाजी खाली बघायला लागला. "देणाऱ्याला कमी दे असं कसं सांगायचं, वैनी? बरं दिसतं का ते?"

आंबा हिरवा असताना दाबला तर वरून काही कळत नाही. मार आतल्या आत राहतो आणि पिकताना काळा होऊन बाहेर येतो. काकूंच्या मोठ्या मनावर भिकाजीचा गुडघा पडत होता, आणि भिकाजी भिडेपायी गप्प होता.

सगळे गडग्याच्या सावलीला बसले. श्रद्धा हळूच म्हणाली, "काकू, काठापर्यंतच भरा. आम्ही वजनावरच घेतो. वरचे आंबे वरताळा म्हणून कुणी वेगळे धरतच नाही."

काकूंनी कपबशी खाली ठेवली. एवढी वर्षं त्या मानाने देत होत्या आणि पलीकडे ते दिलं गेल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. "अगं, पण सपाट क्रेट पाठवायला माझा हात धजत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

आत्मारामदादाने तोवर मला रिकामं करून मांडीवर घेतलं होतं. त्याने कोपऱ्यावर टकटक केलं. आवाज फुटका आला. "संपला हा," तो म्हणाला. "आता वर ओझं सोसायचा नाही. याचा भुगा करून पुन्हा साच्यात."

मित्रांनो, आपल्याबद्दल असं ऐकणं काही सुखाचं नसतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले. "वर ओझं नको ना याला? मग हाच सगळ्यांच्या वर ठेवा. बाकीचे काठापर्यंत भरते, कुणाचा गुडघा नको. अख्ख्या वाडीचा वरताळा या एकात जाऊ दे. ह्याच्यावर कोण बसणार आहे?"

"आकाश," भिकाजी म्हणाला, आणि काकू हसल्या.

"पण देऊ कुणाला हा वरताळा?" त्यांनी श्रद्धाला विचारलं. "वजनात नको हं धरू."

श्रद्धाने क्षणभर विचार केला. "आमच्याकडे आंबे कापायला बायका बसतात. हंगामभर आंब्यात हात असतो त्यांचा, पण घरी न्यायला नसतो."

झालं, ठरलं. माझ्या तळाला पेंढा घातला, काकूंनी त्यावर आंबे रचले, शीग तर अशी लावली की काही विचारू नका. मला सगळ्यांच्या वर चढवलं आणि टेम्पो निघाला. आरे-वारेच्या वळणावर मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. इतकी वर्षं त्याच रस्त्याने गेलो, पण डोक्यावर कायम कुणीतरी बसलेलं, मला नुसता वास यायचा. केवढा मोठा आहे तो. मी भिकाजीला थांब म्हणणार होतो.

पिकवणीची खोली उघडायच्या दिवशी काकू स्वतः कारखान्यात आल्या. पदर सारखा करत दाराशी उभ्या राहिल्या. श्रद्धाने पहिल्या क्रेटमधला अगदी वरचा आंबा उचलला, फिरवून पाहिला आणि काही न बोलता काकूंच्या हातात दिला. पिवळाधमक, एक डाग नाही. दुसऱ्या क्रेटचा तसाच. तिसऱ्याचाही. "माल चालू राहणार, काकू," श्रद्धा म्हणाली. काकूंनी तो आंबा नुसता हुंगला. मग त्यांनी वाडीत फोन लावला आणि "तूच सांग" म्हणून श्रद्धाच्या हातात दिला.

तेव्हापासून आपला माल पुढे गेला की प्रत्येकजण पुढच्याला विचारतो, "कसा पोचला?" एवढंच. यासाठी फळा लागला, चौकोन लागले, चार मालकांना एका टेम्पोत कोंबावं लागलं. तुम्हीही आपलं काम झालं की पुढच्याच्या दारापर्यंत एकदा जाऊन या. दिलेलं कसं पोचतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. आणि माझ्यासारख्या फुटक्या कोपऱ्याच्यांना लगेच भुग्यात काढू नका. कुठे ठेवायचं ते आधी बघा.

एक सांगायचं राहिलंच. त्या पहिल्या खेपेनंतर मी वाडीत परत आलो, धुतलेला, काकूंच्या मते रिकामा. काकूंनी मला उतरवून घेतलं आणि थबकल्या. माझ्या तळाशी पानांच्या द्रोणात करवंदं होती, काळीभोर, ताजी. आंबे कापणाऱ्या बायकांनी आपल्या सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरून, आणून ठेवली होती. आत्मारामदादाने मला धुतलं, करवंदं परत जागेवर ठेवली. भिकाजीने ती वळणावळणाने सांभाळून आणली, दोन तोंडात टाकली असतील फार तर. कुणी भांडं भरून दिलं तर ते रिकामं परत करायचं नसतं, हे त्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं आणि श्रद्धाच्या फळ्यावर हा बाणही नव्हता.

काकू पायरीवर बसल्या आणि एकेक करवंद खाऊ लागल्या. मी त्यांच्या शेजारी उन्हात वाळत होतो.

"पोचला हो वरताळा," त्या मला म्हणाल्या.

मलाच म्हणाल्या. तिथे दुसरं कुणी नव्हतं.