दुसऱ्या भागाचे बूट

सिनेमात माणूस जिना चढतो तेव्हा ऐकू येणारी पावलं त्याची नसतात, माझी असतात. चित्रीकरणात सगळं लक्ष बोलण्याकडे असतं, म्हणून पावलं मागाहून भरावी लागतात. आमच्या स्टुडिओतल्या बिनखिडक्यांच्या खोलीत लाकूड, फरशी आणि खडी यांचे चौकोन आहेत, आणि पडद्याकडे बघत मी त्यांवर चालते. नायिका माझ्या निम्म्या वजनाची असली तरी तिच्या सँडल मीच वाजवते. आजवर कुणाची तक्रार नाही.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका सिनेमात एक खुनी होता. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसायचा नाही, जिन्यावर फक्त त्याचे बूट करकरायचे. ते बूट माझ्या सासऱ्यांचे. सिनेमा तुफान चालला. लोक स्वतःच्या घरच्या जिन्यावरही दचकायला लागले.

आता त्याचा दुसरा भाग आला. दिग्दर्शकांना आम्ही मागून 'अजूनएकदा' म्हणतो, कारण सहसा ते दुसरं काही बोलतच नाहीत. या खेपेला मात्र बोलले.

"दुसरा भाग म्हटल्यावर लोक आधीच नाकं मुरडतायत. करकर हुबेहूब पहिल्यासारखी पाहिजे. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर पावलं कॉम्प्युटरवर करून घेऊ."

कॉम्प्युटर एकदा चालायला लागला की माझं चालणं बंद. तरी म्हटलं, बूट घरी आहेत, घाबरायचं कशाला?

घरी येऊन कपाट उघडलं, तर बूट चकाचक. पायात घालून चालले. आवाज शून्य.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. नको तो आवाज त्यांना सहन होत नाही. आमच्या घरात एका बिजागरीची करकरायची बिशाद नाही.

"बूट कुणी नीट केले?" मी विचारलं.

"मीच. वाढदिवसाला दाखवणार होतो तुला," ते लाजत म्हणाले. "किती करकरत होते अगं. टाच बदलली, कातड्याला तेल पाजलं. बाबांची आठवण आहे, नीट नको का राहायला?"

तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसानं इतक्या प्रेमानं माझं वाटोळं कधी केलं नव्हतं. त्या चेहऱ्याकडे बघून ओरडताही येईना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवर राग काढला.

खरा प्रकार कळल्यावर हे बिचारे स्वतःच बूट बिघडवायला बसले. पण जन्मभर दुरुस्ती केलेला हात तो, बिघडवणं जमेना. एक खिळा सैल करायचे आणि नकळत शेजारचा घट्ट करून ठेवायचे. दोन दिवसांनी बूट आधीपेक्षाही मऊ चालायला लागले.

मग मी जुनी पर्स पिळली, कमरेचे पट्टे वाकवले, एक खुर्ची अक्षरशः रडवली. शुक्रवारी 'अजूनएकदा' साहेब डोळे मिटून ऐकायला बसले.

"चांगलंय. पण पहिल्यातली धडकी नाही. अजून एकदा."

असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी माझं डोकं फिरलं. मी आमच्या रेकॉर्डिस्टला खूण केली आणि तिनं गुपचूप पहिल्या भागातली मूळ करकरच लावली.

साहेबांनी मान हलवली. "हेही नाही. पहिल्यात कसं, ऐकताना काळजात चर्र व्हायचं. हे नुसते बूट वाजतायत."

रेकॉर्डिस्ट भिंतीकडे तोंड करून खोकायला लागली. मला हसू आलं, आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. तो आवाज सहा वर्षं लोकांच्या डोक्यात वाढत बसला होता. आता मी स्वतःशीच बरोबरी करायला गेले तरी हरणार होते.

शनिवारी सकाळी मी ते तेल पाजलेले बूट घालूनच आले. साहेबांना पडद्यासमोर बसवलं आणि जिन्याचं दृश्य सुरू केलं. नायिकेच्या चपला तेवढ्या ऐकू येत होत्या आणि कुठेतरी नळ ठिबकत होता. साहेब करकरीची वाट बघत पुढे झुकले. करकर येईना. ते आणखी झुकले. मी मागून लाकडी चौकोनावरून चालत गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी मारलेली किंकाळी रेकॉर्डिस्टनं अजून जपून ठेवली आहे.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "हेच. या भागात खुनी वाजणारच नाही." मग माझ्याकडे बघून, "पण पावलंच नाहीत, तर तुमचं काम काय उरलं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांची खोड मोडायच्या नादात मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. पडद्यावर नायिका अजून जिना उतरत होती आणि आख्खी इमारत तिच्या आजूबाजूनं ये-जा करत होती.

"बाकीचे सगळे चालतात ना," मी म्हणाले. "पहारेकरी, शेजारीण, तिची तीन पोरं. त्यांचं एकेक पाऊल इतकं स्वच्छ ऐकू यायला हवं, की त्यांच्यातला एक जण वाजत नाही हे लोकांना कळावं. नाहीतर लोक म्हणतील, आवाज भरायचा राहिलाय."

त्यांनी मोबाईलवर कॅलेंडर उघडलं. "किती दिवस लागतील?"

"महिना."

"पहिल्या भागाला आठ दिवस पुरले होते."

"पुरले होते," मी बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले. "पण तेव्हा आपली वाट कुणी बघत नव्हतं."