वरच्या घरची पाच मतं

डोलिना मॅक्रे कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली ती एका पुलासाठी. भाषण येत नव्हतं, पाठीशी पक्ष नव्हता. तीस वर्षं घरोघर टपाल वाटल्यानं पाय तेवढे भक्कम होते.

जानेवारीच्या पुरात दरीतला पूल वाहून गेला आणि पलीकडं वरच्या घरात तिचा थोरला भाऊ रोरी अडकला. मेंढ्या, एक कुत्रं आणि बिघडलेलं काळीज. फेब्रुवारीत त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा चौघांनी त्याला दाराच्या फळीवर निजवून कमरेएवढ्या पाण्यातून अलीकडं आणलं. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वेळी फळीवर भागायचं नाही. कौन्सिल म्हणालं, एका माणसासाठी पूल कशाला, त्यालाच खाली आणा की. आणि रोरी बरा होऊन परत वर जाताना म्हणाला, "मी खाली आलो तर घरच्यांकडं कोण बघणार?"

घरचे कुठले? एकटाच तर राहायचा. लोक हसले आणि सोडून दिलं.

समोर उभा होता फार्कर गिलिस, मेंढ्यांच्या लिलावात बोली पुकारणारा. माणूस भला, पण त्याला बोटींसाठी धक्का बांधायचा होता. कौन्सिलच्या तिजोरीत पैसे एकाच कामापुरते होते. पूल नाहीतर धक्का.

मतदानाच्या दिवशी दुपारी चारला डोलिना गावच्या हॉलमध्ये डोकावली. मतदान अधिकारी पर्डीसाहेब शहरातून आलेले, इथलं कुणी ओळखीचं नाही. ते स्वतःच फरशी पुसत होते.

"या बाई. तुमच्या वरच्या माणसांनी बघा काय चिखल केलाय!"

"वरच्या म्हणजे?"

"नदीपलीकडच्या घरची. पाच जण आले होते. सगळे गुडघ्यापर्यंत भिजलेले. म्हातारा, म्हातारी, म्हाताऱ्याची बहीण, दोन तरणे मुलगे. बोलायला नकोच होतं मी, पण माणसं लाख. म्हातारीनं विचारलं, आमची डोली कुठल्या ओळीत आहे हो?"

डोलिनाला डोली म्हणणारी तिची आई एकच, आणि तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. बाप, आत्या आणि दोन भाऊही कधीच गेले होते.

कौन्सिलच्या मतदानाला आमच्याकडं ओळखपत्र मागत नाहीत. नाव सांगायचं, घर सांगायचं, यादीत रेघ पडली की कागद हातात. डोलिनानं खाली बघितलं. ओल्या बुटांचे ठसे दारातून आत आले होते, टेबलापाशी थांबले होते, पडद्याआड गेले होते. बाहेर येणारे ठसे नव्हते.

"गेली कुठून ही माणसं?"

"दारातूनच की," पर्डीसाहेब म्हणाले, आणि मग तेही ठशांकडं बघत राहिले. मग त्यांनी तो भाग पुसून टाकला.

डोलिनानं हॉलच्या फोनवरून भावाला फोन लावला.

"रोरी, मतदारयादीचा फॉर्म दरवर्षी तूच भरतोस ना?"

"भरतो."

"गेलेल्यांची नावं खोडायची असतात त्यात!"

"पेन उचलतो गं. आणि आई समोरच बसलेली असते. कशी खोडू? तूच ये आणि खोड." मग म्हणाला, "सकाळीच निघाली सगळी. नदी गुडघाभर होती. बापानं टाय लावला होता. तूही म्हणशील मला वेड लागलंय."

डोलिनानं फोन ठेवला. ठसे तिनं डोळ्यांनी बघितले होते.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मोजणी झाली. डोलिना तेराशे बारा, फार्कर तेराशे आठ. टाळ्या पडल्या. डोलिना मात्र फार्करला दंडाला धरून कोपऱ्यात घेऊन गेली.

"फार्कर, ही जागा माझी नाही. माझी पाच मतं... आमच्या मेलेल्या माणसांची आहेत. रोरीनं नावं खोडलीच नाहीत. मी आत्ता साहेबांना जाऊन सांगते."

फार्करनं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"हळू बोल, बये. माझ्या आईलाही जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती यादीत आहे. मी तरी कुठं खोडलंय? कालच मत देऊन गेली. तिच्या तपकिरीचा वास हॉलमध्ये आला मला." त्यानं बोटांवर मोजलं. "तुझी पाच, माझी एक. वजा केली तर तेराशे सात आणि तेराशे सात. मग चिठ्ठी टाकायची. टाकायचीय तुला?"

"चेष्टा सुचतेय तुला!"

"चेष्टा नाही. मला एवढंच सांग, तुझी माणसं परत वर गेली का? नदी छातीभर झालीय."

ते ऐकलं आणि डोलिना साहेबांकडं गेलीच नाही. गाडी काढून तडक नदीवर गेली.

पूल होता तिथं आता दोन दगडी खांब आणि मध्ये गढूळ पाणी. पलीकडच्या काठावर रोरी उभा होता. तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागं, गवताकडं बघत होता, आणि त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती. वारा नव्हता, तरी डोलिनाला मागून ओल्या लोकरीचा वास येत होता. तिला वळायचं धाडस होईना.

"रात्रभर चूल पेटवून बसलो!" रोरी ओरडला. "घर खायला उठतंय, डोलिना. थांबा, मी येतो न्यायला!"

आणि त्यानं बूट पाण्यात घातला. दुसरा घातला. पाणी मांडीला लागलं.

"रोरी, मागं हो! मरशील!"

"मग काय, इथंच उभी ठेवू त्यांना थंडीत?"

पाणी कमरेला आलं. त्याचा एक हात छातीवर गेला. डोलिनाला दाराची ती फळी आठवली, आणि आता ती धरायलासुद्धा कुणी नव्हतं.

"मी नेते!" ती किंचाळली. "पूल होईपर्यंत माझ्याकडं राहतील! सगळी! पहिल्या बैठकीत पूल मांडते, शपथ घेते. तू घरी जा!"

रोरी थांबला. त्यानं पुन्हा तिच्या मागं बघितलं, जसं कुणाला तरी विचारतोय. मग मान हलवून तो हळूहळू काठाकडं सरकला.

डोलिनानं न वळताच गाडीची चारही दारं उघडली. "बसा," ती म्हणाली. "जागा चौघांची आहे. आत्याला मांडीवर घ्या कुणीतरी."

गाडी एका बाजूला दबली. मग दुसऱ्या. ती मोजत उभी राहिली. पाचव्यांदा दबली, तेव्हा तिनं दारं लावली.