चवीपुरता तुकडा

आमच्या घरात साखरेच्या डब्याला कुलूप आहे. आता त्या डब्यात साखरही नाही, कुलूप मात्र अजून आहे. सासूबाई साखरेच्या आजाराने गेल्या. जाण्याआधी काही वर्षं त्यांची नजर पार गेली होती. मुलगा समोर येऊन उभा राहिला की त्या त्याचा चेहरा बोटांनी चाचपायच्या आणि म्हणायच्या, "आज दाढी केली नाहीस." त्या गेल्या आणि ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घरातलं गोड कायमचं बंद केलं. चहा बिनसाखरेचा. वाढदिवसाला केक नाही. कुणी काही गोड घेऊन आलंच तर ते दारातून परस्पर शेजारणीकडे जायचं. आमच्याकडे पाहुणे फारसे टिकत नाहीत ते त्या चहामुळे, असं मी समजत आले. माझ्या जिभेमुळे, असं आमची मनी म्हणते.

मनी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. हे नाव तिला आजीने ठेवलं, कारण रांगायला लागल्यापासून ही वासावर दुकानात जायची. दुकान खाली, आम्ही वर. सॉसेज आणि धुरी दिलेलं मांस, एवढंच आम्ही विकतो. सासऱ्यांनी सुरू केलं, ह्यांनी चालवलं. मागच्या खोलीत हे आणि खिम्याचं यंत्र, पुढे काउंटरवर मनी. वर मी आणि माझा स्वयंपाक, ज्याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही. माझं आणि मिठाचं कधी जमलंच नाही. एक दिवस ते असतं, एक दिवस नसतं, आणि एक दिवस नुसतं तेच असतं.

अशा घरात डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या रक्ताचा कागद पुढे ठेवून सांगितलं की तुम्हाला मधुमेह आहे. ह्यांना तो आजार नाही, अपमान वाटला. म्हणाले, "डॉक्टर, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या घरात साखर नाही." त्या बाई शांत होत्या. त्यांनी समजावलं की हा आजार काही फक्त साखर खाऊन होत नाही, आईकडून आलेलं असतं, बाकीचं खाणंही असतं. मग विचारलं, दिवसभरात काय काय खाता?

उत्तर मी दिलं. एवढी वर्षं हीच तक्रार घेऊन बसले होते, ती ऐकायला अखेर कुणी मिळालं. मी सांगितलं की हा माणूस खातच नाही. सकाळी कोरा चहा. दुपारी वर येतो, घेवड्याच्या दाण्यांची नाहीतर मसुराची उसळ दोन चमचे, पावाचा तुकडा, की ताट सारून म्हणतो, भूकच नाही बघ. रात्री तेच. मांस घरात शिजतं ते सुट्टीच्या दिवशी, तेही मनीसाठी. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली. दोघांपैकी कुणी खोटं बोललं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. बाईंनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि मांस कमी करून डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, बदाम वाढवा म्हणाल्या. खारवलेलं, धुरी दिलेलं मांस तर शक्यतो नकोच. हे म्हणाले, ते मी खात नाही, विकतो. उठता उठता हसलो तिघंही.

पुढच्या तपासणीत आकडा वाढला. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी. गोळ्या वाढल्या. आणि एका सकाळी ह्यांनी किमतीची पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली, आणि मनीला विचारलं, हा तीन आहे का आठ? मनीने सहज सांगितलं, आठ. मी जिन्यात उभी होते. मला सासूबाईंची बोटं आठवली.

त्या दिवसापासून मी खाली जाऊन बसू लागले. चोरून कुठे काही गोड खातात का, हे पाहायला. मागच्या खोलीत मी सहसा जात नसे. धुराने डोळे चुरचुरतात, आणि ह्यांना कामात कुणी बोललेलं चालत नाही. कोपऱ्यात स्टूल टाकून, विणकाम घेऊन बसले.

काम असं असतं. खिम्यात मीठ, मिरी, लसूण घालून मळायचं, आणि ते आतड्याच्या नळीत भरायच्या आधी चिमटीएवढा गोळा तव्यावर भाजून चव बघायची. कमी असेल ते घालायचं, पुन्हा मळायचं, पुन्हा भाजायचं, पुन्हा बघायचं. असं प्रत्येक घाण्याला. मग धुरीतून जे निघेल त्याची एकेक चकती. हे तुकडा तोंडात टाकत, डोळे मिटत, चावत, गिळत, आणि गिळून झाल्यावर देवळात उभं राहावं तसे क्षणभर थांबत. मग म्हणत, मिरी. किंवा, झालं.

मी विचारलं, "अहो, हे काय खाताय?"

"खातोय कुठे," ते म्हणाले, "चव बघतोय."

ह्यात लपवाछपवी अजिबात नव्हती. ह्यांच्या वडिलांनीही चवच बघितली होती. स्वयंपाक करताना बाईने आमटीचा थेंब तळहातावर घेतला तर ती जेवली असं कुणी म्हणतं का? मलाही ते कधी सुचलं नसतं. पण त्या दिवशी मी विणकाम ठेवलं, एक ताटली घेतली, आणि ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला की तेवढाच तुकडा कापून ताटलीत ठेवत गेले. ह्यांना वाटलं, बायकोचं काहीतरी खूळ. माझी खुळं ह्यांच्या सवयीची आहेत.

दुकान बंद झालं तेव्हा मी ती ताटली ह्यांच्या पुढे ठेवली. तुकड्यांवर तुकडे चढून ढीग झाला होता, घरी चारजण जेवायला आले तरी पुरला असता.

"हे कुणासाठी काढलंस?"

"तुमच्यासाठी काढलं नाही. हे तुम्ही आज खाल्लंत."

हे ताटलीकडे बघत स्टुलावर बसले. मनी काउंटर पुसत होती, ती फडकं हातात घेऊन दारात आली. भांडणात जिंकले की मला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही, पण त्या वेळी मला रडू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही साखरेला कुलूप लावून बसलो होतो आणि इथे दिवसभर, वर्षानुवर्षं, हे चालू होतं. मी वरच्या मजल्यावर उसळीत मीठ चुकलं म्हणून ह्यांना भूक नाही, असं समजत होते.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, सापडला चोर. तसं त्या म्हणाल्या नाहीत. पुष्कळ माणसांना पुष्कळ वर्षं पाहून एवढं दिसलंय, त्या म्हणाल्या, की जे रोज लाल मांस, त्यातही असं खारवलेलं, धुरी दिलेलं खातात, त्यांच्यात हा आजार जास्त होतो, आणि त्याच्या जागी कडधान्यं, दाणे खाणाऱ्यांत कमी. पण तुमच्या यजमानांना कशामुळे झाला, मांसामुळे की आईच्या रक्तामुळे, हे कुणी बोट दाखवून सांगू शकणार नाही. मला राग आला. एवढं शिकून चोराचं नाव सांगता येत नाही? पण त्यांनी एक सांगितलं, ते बंद करा आणि पाहू. म्हणून आम्ही बंद केलं.

आता चव कोण बघणार? मी म्हटलं, त्यात काय, मसाले वजन करून घाला. ह्यांनी तसं केलं. पण मांस रोज सारखं नसतं, कधी चरबी जास्त, कधी पाणी, आणि तेच मीठ एक दिवस बरोबर लागतं, दुसऱ्या दिवशी फिकं. मग मी म्हटलं, मी बघते चव. मनी हसली. ह्यांनी मात्र गंभीरपणे मला तव्यापाशी उभं केलं. मी चावलं, गिळलं, डोळे मिटून थांबले, आणि म्हटलं, झालं. दोन दिवसांनी मास्तर आले, आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेले. नेलेलं पुडकं परत काउंटरवर ठेवून हळू आवाजात त्यांनी मनीला विचारलं, "मालकांची तब्येत बरी नाही का?"

मसुराचे सॉसेजही करून पाहिले. डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्या खूश झाल्या, दोन घेऊनही गेल्या. बाकीचे आम्ही आठवडाभर खाल्ले. हे निमूटपणे खायचे आणि म्हणायचे, बरं आहे की. पण गिऱ्हाईक काचेतून बघायचं आणि पुढे जायचं.

एक दिवस मनी काउंटरवरूनच ओरडली, बाबा, मिरी कमी आहे. तिने चाखलंही नव्हतं. तव्याचा वास पुढे गेला होता, तेवढाच. हे दारात आले आणि तिच्याकडे बघत राहिले. मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. आता चव मनी बघणार, हे मला तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, तिने चावावं आणि थुंकावं. एक वाडगा आणून ठेवला. चार दिवस तिने तसं केलं. पाचव्या दिवशी धुरीच्या मालाची तक्रार आली, खाऊन झाल्यावर कडू लागतं. मनीने उरलेल्यातली एक चकती उचलली, चावली, वाडगा पुढे ओढला, थांबली, आणि गिळली.

"थुंक," मी म्हटलं.

"आई, कडू आहे ते घशात कळतं. गिळल्याशिवाय नाही कळत."

"मग नको कळू दे."

"मग विकायचं काय?"

त्या रात्री मी ह्यांच्याशी भांडले. दुकान बंद करा म्हटलं. तिची आजी आठवा, तिचा बाप आठवा, हिच्या अंगात दुसऱ्या कुणाचं रक्त आहे का? हे उलट बोलले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "बंद करतो. बंद करून मी काय करू तेवढं सांग, तू म्हणशील ते करतो." मी विचार केला. खरंच केला. ह्या माणसाला दुसरं काही येत नाही, मनीही काउंटरपलीकडे कुठे गेली नाही, आणि मला तर मीठही घालता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी कूस बदलून झोपले. सकाळी मनी म्हणाली, उगाच काळजी करतेस, मी तरुण आहे, आणि सगळ्यांनाच होतं असं डॉक्टरही म्हणत नाहीत. ते खरं होतं.

आता हे पुढे काउंटरवर बसतात. नवा चष्मा आहे, पाटी नीट वाचतात. गेल्या तपासणीत आकडा खाली आला, गोळी एक कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, घरचं जेवण लागू पडलं. परत येताना हे घराच्या कोपऱ्यावर मागच्या धुराड्याकडे बघून म्हणाले, आज लाकूड ओलं दिसतंय, मनीला सांगायला हवं.

दुपारी तिघं जेवायला बसलो. मी घेवड्याची उसळ केली होती, आणि नवल म्हणजे मीठ बरोबर पडलं होतं. ह्यांना हल्ली कडकडून भूक लागते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या हातचं मागून खातो, आणि ते बघायला मी किती आसुसले होते. ह्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, वाटी पुसली, आणि म्हणाले, आज छान झालीय, घे मनी.

मनीने दोन चमचे खाल्ले होते. तिने पावाचा तुकडा मोडला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि ताट थोडं पुढे सारलं.

"भूकच नाही बघ आई," ती म्हणाली.

ह्यांचा हात वाटीवर तसाच राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मी पळी उचलली आणि तिच्या ताटात आणखी थोडी उसळ वाढली.